आयसी की एनसी, आधी एवढं विचारा

सुट्ट्या जवळ आल्या की पत्रांचा सूर बदलतो. या वेळच्या गठ्ठ्यात निम्मी पत्रं नेपाळ-भूतानची निघाली आणि सगळ्यांचा प्रश्न घुमूनफिरून एकच, पैसे कसे न्यायचे. म्हणून आज फक्त तेच घेतो, व्हिसा-बिसा पुढच्या वेळी.

प्रश्न : आम्ही सहा जण गोरखपूरपर्यंत ट्रेनने आणि पुढे सोनौली बॉर्डरवरून पोखरा-काठमांडू करणार आहोत. फॉरेक्सवाल्याकडे डॉलर घ्यायला गेलो तर तो म्हणाला नेपाळसाठी मिळणार नाहीत. मिस्टरांचं म्हणणं, तो टाळतोय. खरं काय?

ताई, तो टाळत नाहीये, मिस्टरांना सांगा. फेमा म्हणजे आपला परकीय चलनाचा कायदा, त्याचे २००० सालचे जे नियम आहेत त्यात नेपाळ आणि भूतानच्या प्रवासासाठी परकीय चलन घ्यायला सरळ मनाईच आहे. त्याच कारणाने फॉरेक्स कार्डही तिथे कामाचं नाही, कार्डाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, भारत-नेपाळ-भूतानात चालणार नाही असं बहुतेक वेळा छापलेलं असतं. या दोन देशांत आपला रुपयाच चालतो, मग डॉलर कशाला, असा सरकारचा साधा हिशोब आहे.

पण रुपया चालतो म्हणजे कुठलीही नोट चालते असं नाही आणि लोक नेमके इथेच फसतात. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा कितीही न्या, आपल्या बाजूने अडचण नाही. शंभरच्या वरच्या नोटांना मात्र माणशी २५ हजारांची मर्यादा आहे. आणि ही झाली फक्त आपली बाजू. नेपाळने डिसेंबर २०१८ मधे २००, ५०० आणि २००० च्या भारतीय नोटांवर बंदीच घातली होती. त्यामागे कारण होतं, ८ नोव्हेंबर २०१६ ला आपल्याकडे नोटबंदी झाली तेव्हा नेपाळी लोकांच्या घरात, बँकांत आपल्या ५००-१००० च्या नोटा होत्या, त्या तशाच अडकून पडल्या. भारतात मजुरी करून आणलेला पैसा होता तो, राग येणारच ना. २०२५ च्या शेवटी दोन्हीकडून नियम सैल करायच्या हालचाली झाल्या खऱ्या, पण एकदा हात पोळलेला दुकानदार पाचशेची नोट बघितली की अजूनही मान हलवतो. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, शंभरच्याच नोटा न्या.

एक बंडल म्हणजे शंभर नोटा, दहा हजार रुपये. सहा जणांचे साठ हजार धरले तर सहा बंडलं होतात. ती एकाच पर्समधे कोंबू नका, सहा जणांत वाटून टाका. बँकेत दोन दिवस आधी सांगून ठेवा कारण ऐन वेळी काउंटरवर "शंभरच्या नाहीत" हे ऐकायला मिळतंच. आणि घरी बसून बंडल सोडून एकेक नोट बघा, पेनाने आकडे लिहिलेली, टेप लावलेली, कडा फाटलेली बाजूला काढा, ती इथेच भाजीला खपवा, तिकडे कुणी घेत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. बाजार वर जावो खाली जावो, हा आकडा तोच. पण दोन्हीकडे नाव रुपयाच असल्याने बोलताना घोळ होतो, म्हणून तिथले लोक आयसी आणि एनसी म्हणतात, आयसी म्हणजे आपलं चलन, एनसी म्हणजे नेपाळी. (तिथल्या पेपरात भारू असा शब्द दिसला तर दचकू नका, भारतीय रुपया.) माझीच फजिती सांगतो. काठमांडूत पहिल्याच दिवशी टॅक्सीवाला "पाँच सय" म्हणाला, मी ऐटीत शंभराच्या पाच नोटा काढून दिल्या, त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, खिशात घातल्या आणि गेला. हॉटेलवर पोचून जिना चढताना डोक्यात प्रकाश पडला की त्याने पाचशे एनसी सांगितले होते, म्हणजे आपले साडेतीनशेसुद्धा नाहीत, ३१२ रुपये ५० पैसे. त्याला चोर म्हणता येत नाही, त्याने भाव बरोबर सांगितला होता, विचारलं मी नव्हतं. तेव्हापासून किंमत ऐकली की तोंडातून आपोआप येतं, आयसी की एनसी?

हिशोबाला कॅल्क्युलेटर लागत नाही. नेपाळी आकड्याला आठाने भागायचं आणि पाचाने गुणायचं, ८०० चे ५००, १६०० चे १०००. मुलांना हे काम द्या, दोन दिवसात तुमच्यापेक्षा फास्ट करतात.

प्रश्न : भाचा म्हणतो आता कॅश न्यायची गरजच नाही, सगळीकडे यूपीआय चालतं. वय ६७, मला फोनवर एवढा भरवसा नाही. काय करू?

काका, भाचा अर्धा बरोबर आहे. भूतानने २०२१ मधेच भीम यूपीआय घेतलं आणि नेपाळमधे मार्च २०२४ पासून दुकानातल्या क्यूआरवर आपल्या अॅपने पैसे देता येतात. नेपाळात ही सोय तिथल्या फोनपेच्या जाळ्यातून चालते, आणि गंमत म्हणजे हे फोनपे आपलं फोनपे नाही, ऐकायला नाव एकच पण कंपनी वेगळी. त्यामुळे दुकानात पाटी बघून आपलंच अॅप आहे असं समजू नका.

दोन गोष्टी निघायच्या आधी घरीच उरका. एक, अॅपमधे यूपीआय इंटरनॅशनल नावाचा पर्याय असतो तो चालू करा आणि तुमच्या बँकेच्या खात्याला तो मिळतो का बघा. दोन, तिकडे गेल्यावर अॅप काढून परत टाकायचा उद्योग करू नका, नवा फोनही तिकडे सुरू करू नका, कारण नोंदणीच्या वेळी तुमच्या भारतीय सिमवरून एसएमएस जावा लागतो आणि रोमिंग नसेल तर तो जात नाही, मग खात्यात पैसे असून उपयोग काय. आधीपासून नीट चालणारं अॅप असेल तर साध्या वायफायवरही काम होतं. पिन टाकायच्या आधी आपल्या रुपयातला आकडा वाचा, बँकेचा रेट आणि फी धरून तो १६० च्या सरळ हिशोबाशी तंतोतंत जुळेलच असं नाही.

कार्डाचं म्हणाल तर रुपे भूतानात २०१९ ला आणि नेपाळात २०२२ ला सुरू झालं. एटीएममधून मात्र तिथलंच चलन येतं, आपल्या नोटा येत नाहीत, आणि दर वेळी फी कापली जाते, त्यामुळे थोडे थोडे चार वेळा काढण्यापेक्षा एकदाच काढा. डोंगरातल्या गावात वीज गेली की क्यूआर पण गेला आणि मशीन पण गेलं, तेव्हा तुमच्या खिशातली शंभरची नोटच कामाला येते. म्हणजे तुम्हीपण अर्धे बरोबर आहात.

प्रश्न : भूतानमधे रुपया सगळे घेतात असं ऐकलं. मग तिथलं चलन घ्यायचंच कशाला? आणि परत येताना उरलेल्याचं काय करायचं?

घ्यायचं नसतं हो, ते आपोआप हातात येतं. भूतानचं ङुल्ट्रम १९७४ साली सुरू झालं आणि ते आपल्या रुपयाला एकास एक बांधलेलं आहे, त्यामुळे हिशोबाची कटकट शून्य. तुम्ही रुपये द्याल, दुकानदार हसून घेईल, पण सुट्टे परत देताना ङुल्ट्रम देईल. यात लबाडी नाही. भूतानची बरीचशी खरेदी भारतातूनच होते, ती रुपयातच फेडायची असते, आणि २०१२ मधे तर तिथे रुपयाची एवढी टंचाई झाली होती की बँकांनी हात आखडते घेतले. हाती आलेला रुपया तुम्हाला परत कोण देणार.

म्हणून युक्ती अशी की पहिले दोन दिवस रुपये मोडा आणि सुट्ट्यात आलेले ङुल्ट्रम शेवटच्या दोन दिवसात आधी संपवा, हॉटेलचं शेवटचं बिल त्यातच द्या. फुन्शोलिंगवरून बाहेर पडणार असाल तर उरलेसुरले पलीकडे आपल्या हद्दीतल्या जयगावच्या दुकानात चालून जातात, पण बागडोगऱ्याच्या विमानतळावर पोचेपर्यंत ती नुसती सुंदर कागदं झालेली असतात.

बजेट करताना एसडीएफ, म्हणजे भूतान सरकार पर्यटकांकडून घेतं ती फी, विसरू नका, भारतीयांना माणशी एका रात्रीचे १२०० रुपये, सप्टेंबर २०२२ पासून. चौघं पाच रात्री राहिले की चोवीस हजार तिथेच गेले आणि हा आकडा टूरच्या जाहिरातीत कधीकधी अगदी खाली बारीक अक्षरात असतो. सहा ते बारा वयाच्या मुलांना निम्मे.

प्रश्न : हेच सगळं श्रीलंकेला पण लागू का?

नाही. तिथे नेहमीचे परदेशाचे नियम, म्हणजे फॉरेक्सवाला डॉलर देतो, रोख नोटा एका ट्रिपला ३००० डॉलरपर्यंत. भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत बरोबर नेता येतात, ते मुख्यतः परत आल्यावर एअरपोर्टवरून घरी जायला. यूपीआय तिथे फेब्रुवारी २०२४ पासून आहे.

प्रश्न : मागच्या वर्षीच्या मुक्तिनाथ यात्रेतले साडेतीन हजार नेपाळी रुपये घरात पडून आहेत. बँक घेत नाही. ठेवणं गुन्हा आहे का?

अजिबात नाही आजी, नेपाळी आणि भूतानी नोटा भारतात आणायला आणि परत तिकडे न्यायला परवानगी आहे. बदलून घ्यायचं काम बॉर्डर ओलांडायच्या आधी करायचं असतं, बीरगंज, भैरहवा, काकडभिट्टा, तिथे सहज होतं. आता पुढे कुणी ओळखीचं जाणार असेल तर त्यांना द्या आणि हिशोब आठ-पाचचाच लावा, तुमचे २१८७ रुपये ५० पैसे होतात. एखादी छोटी नोट मात्र नातवाला ठेवा, नेपाळच्या नोटेवर एव्हरेस्ट असतो.