नजर कुठं न्यायची, कुठं थांबवायची?

प्रश्न : नमस्कार सर. मी डिचोलीची, शाळेत शिकवते आणि सुट्टीत ॲक्रिलिकमध्ये चित्रं काढते. पणजीच्या चर्चचं, म्हणजे त्या झिगझॅग पायऱ्यांचं चित्र केलंय, तीन महिने लागले, कठड्याची नक्षी एकेक करून काढली. खाली डाव्या कोपऱ्यात अबोलीचे वळेसर विकणारी एक म्हातारी आहे, खरं तर चित्र तिचंच. पण घरी येणारा प्रत्येक जण म्हणतो, चर्च काय हुबेहूब आलंय! म्हातारी कुणाला दिसतच नाही. तिला मोठी करू का? फोटो सोबत पाठवतेय.

उत्तर : ताई, फोटो नीट बघितला. मोठी करू नका. म्हातारी लहान आहे म्हणून हरवलेली नाही, तुम्ही काढलेल्या पायऱ्या फार चांगल्या आहेत म्हणून हरवलीय. त्या पायऱ्या मुळात कशा आहेत बघा ना, एका बाजूला चढतात, वळतात, दुसऱ्या बाजूला चढतात, परत वळतात, आणि पांढरा कठडा प्रत्येक वळणावर नजर उचलून वरच्या टप्प्याला देतो, तिथून दर्शनी भिंत आणि मधोमध घंटा. प्रत्यक्ष चौकात उभं राहिलं तरी हेच होतं, आपण आधी वर बघतो. तुमच्या चित्रातही नजर वर गेली ती गेलीच, खाली यायला तिला वाटच ठेवलेली नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी आम्हाला शिकताना कुणी सांगितली नव्हती. लीडिंग लाइन, म्हणजे नजरेला वाट दाखवणारी रेषा, काढली की नजर तिच्यावरून गाडीसारखी सरकत जाते असं आपण धरून चालतो, पण डोळा सरकत नाही, उड्या मारतो. अल्फ्रेड यार्बुस या सोव्हिएत शास्त्रज्ञानं लोकांना रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र दाखवून त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या होत्या, त्याचं पुस्तक इंग्रजीत १९६७ साली आलं. डोळे पुन्हा पुन्हा माणसांच्या चेहऱ्यांकडे जात होते, आणि याच चित्रातल्या माणसांची वयं सांगा, किंवा घरची परिस्थिती कशी असेल सांगा, असं विचारलं की बघण्याचा मार्गच बदलत होता. म्हणजे रेषा फक्त सुचवते, थांबायला काहीतरी लागतं. आणि तुमच्या म्हातारीचा चेहरा तर तुम्ही पूर्ण पदराच्या सावलीत घातलाय! तो थोडा उघडा करा, गालावर उजेडाचा एक फटकारा पुरे.

दुसरं आकाराचं. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती मोठी लाट तुम्ही पाहिली असेलच, साधारण १८३१ चं ठसाचित्र. त्यात फुजी पर्वत किती लहान आहे! तरी सापडतो, कारण लाटेच्या वळणानं त्याच्याभोवती मोकळी जागा धरून ठेवलीय, आणि पुढची एक छोटी लाट अगदी फुजीच्याच आकाराची उसळलीय. सारखा आकार दोनदा आला की डोळा नकळत दोघांची जोडी लावतो. तुमच्याकडे ही जोडी आयतीच आहे, घंटेचा भाग वर निमुळता होत जातो आणि मांडी घालून बसलेली बाईही तशीच, खाली रुंद वर निमुळती. तिच्या पदराची कड जरा सरळ केली तर नजर घंटेपासून परत तिच्यापर्यंत येऊ शकते.

आणि कठडा. तीन महिन्यांची मेहनत आहे, मला कळतंय, लिहितानाही जड जातंय, पण वरच्या टप्प्यांची नक्षी थोडी पुसट करा. नक्षी सगळीकडे सारख्याच धारेनं चालली की ती पार्श्वभूमी होऊन बसते आणि जिथं मोडते तिथं डोळा अडखळतो. मग ती म्हातारीपाशीच मोडू दे, कठड्याचे एक-दोन खांब तिच्या टोपलीमागे झाकले जाऊ देत. अबोलीचा नारिंगी रंग दुसरीकडे कुठंच नको, ते वरच्या खिडकीतलं नारिंगी फडकं आधी काढा. थेट कॅनव्हासवर हात घालू नका हं, वर पारदर्शक प्लॅस्टिक शीट लावून त्यावर रंगवून बघा, पटलं नाही तर रंग वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसून टाकता येतं.

प्रश्न : सर, मी फोंड्याला कॉलेजात आहे. वारली पद्धतीनं शिगमो, म्हणजे आपला होळीच्या वेळचा उत्सव, काढतोय, घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून करतात तो नाच), ढोल, गुढ्या, सगळं. पण पूर्ण झालं की वॉलपेपरसारखं दिसतं. काय चुकतं?

उत्तर : अरे, तू कागदाचा एकही कोपरा रिकामा सोडलेला नाहीस, तेच. वारलीतला तारपा नाच आठव. सगळ्या माणसांची अंगं दोन-दोन त्रिकोणांचीच, हातात हात, आणि ती रांग वळत वळत आत जाते. आत कोण, तर तारपा वाजवणारा. तो एकटाच वेगळा दिसतो कारण त्याच्या हातात ते लांब वाद्य आहे आणि त्याच्याभोवती मातीची मोकळी जागा आहे. ती जागा भरली असती तर तो दिसलाच नसता.

आपल्या गोव्यातली कावी बघायला जा, जुन्या देवळांच्या भिंतींवर अजून आहे काही ठिकाणी. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देतात आणि तो खरवडून खालचा पांढरा उघडा करतात, म्हणजे तिथं आकारच मुळी काढून टाकून येतो. तूही काढून टाक. घोडे सगळे एका दिशेनं जाऊ देत, एकच मान वळवून मागे बघू दे, आणि त्याच्या नजरेसमोर हातभर नाही तरी चार बोटं जागा मोकळी ठेव. गुढ्यांची संख्या अर्धी कर. ढोलवाले एका बाजूला घे, त्यांची रांग त्या घोड्याकडे तिरकी येईल अशी. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा वेळा नुसते ठोकळे मांडून बघ, माणसं नंतर. त्यातला जो बरा वाटेल तो पाठव, पुढच्या अंकात त्यावर बोलू.