वाचकांचे प्रश्न : उतारा कळतो, मग गुण कुठे जातात?

प्रश्न : मुलगी यंदा दहावीला आहे. चौथीपर्यंत मराठीतून शिकली, पाचवीपासून सगळं इंग्रजीत. इंग्रजीचा उतारा वाचून अर्थ मला मराठीत नीट सांगते, पण उत्तर लिहिलं की दोनातला एकच गुण पडतो. शेरा ठरलेला : 'उत्तर अपुरं'. शिवाय वेळ पुरत नाही ते वेगळंच.
– एक आई, डिचोली

उत्तर : अर्थ सांगता येतो म्हणजे वाचन जमलंय. गळती पुढे आहे. तुमच्याकडच्या मुलांना ओळखीचा असा चार वाक्यांचा उतारा आम्हीच रचला आहे, तो घ्या :

'द वुडन गेट इन द बांध शट्स बाय इटसेल्फ ॲट हाय टाइड. दॅट नाइट द बांध ब्रोक. इट हॅड बीन वीक सिन्स जून, बट नोबडी रिपेअर्ड इट. सॉल्ट वॉटर फ्लडेड द फील्ड्स अँड द पॅडी डाइड.'

प्रश्न, दोन गुणांचा : 'व्हाय डिड द फार्मर्स लूज देअर क्रॉप?'

बरीच मुलं तिसरं वाक्य जसंच्या तसं उतरवतात : 'इट हॅड बीन वीक सिन्स जून.' आता हे 'इट' कोण? उताऱ्यात आधीच्या वाक्यात बांध आहे, उत्तरपत्रिकेत नाही. तपासणाऱ्याला शेत, दार, बांध काहीही वाटू शकतं. 'इट', 'दे', 'धिस' असं उताऱ्यातून उचललं की त्या जागी नाव घालायचं, हा नियमच करून टाका. दुसरं, दोन गुण म्हणजे बहुधा दोन मुद्दे : बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. एकच लिहिला तर अर्धं उत्तर. तिसरी चूक व्याकरणाची. प्रश्नात 'डिड' असतं म्हणून क्रियापद मूळ रूपात, 'लूज', येतं. उत्तरात 'डिड' जातं आणि भूतकाळ क्रियापदावर परततो. 'डिड लॉस्ट' ही खिचडी तिथेच शिजते. पुरं उत्तर असं : 'द फार्मर्स लॉस्ट देअर क्रॉप बिकॉज द वीक बांध ब्रोक अँड सॉल्ट वॉटर फ्लडेड द फील्ड्स.'

वेळेचं कारण बहुतेक मनातल्या मनात चाललेलं भाषांतर. मराठीत क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजीत कर्त्याला चिकटून. प्रत्येक वाक्य मराठीत लावायला गेलं की नजर टोकाला जाऊन मागे फिरते, म्हणजे तीच ओळ दोनदा वाचली जाते. त्यापेक्षा आधी प्रश्न वाचून 'व्हाय', 'हाऊ', 'टू रीझन्स' असे शब्द अधोरेखित करू द्या. मग उतारा न थांबता एकदा सरळ वाचायचा. दुसऱ्या वाचनात ज्या ओळीत उत्तर आहे तिच्या शेजारी, प्रश्नपत्रिकेवरच, पेन्सिलीने प्रश्नाचा क्रमांक टाकायचा. क्रमांक पडल्याशिवाय लिहायला घ्यायचं नाही.

प्रश्न : परिचारिका म्हणून परदेशी जायचं आहे, त्यासाठी आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा ॲकॅडेमिक प्रकार देते आहे. वाचनात दिलेलं विधान उताऱ्यानुसार 'ट्रू', 'फॉल्स' की 'नॉट गिव्हन' ते ठरवायचं असतं. त्यात 'फॉल्स' आणि 'नॉट गिव्हन' यांत दरवेळी घोळ होतो.
– वाचक, फोंडा

उत्तर : वरचाच उतारा घ्या. विधान एक : 'भरतीच्या वेळी रखवालदार दार लावतो.' उतारा सांगतो, दार आपोआप लागतं. म्हणजे विधान खोडणारी ओळ हाताशी आहे : फॉल्स. विधान दोन : 'दार फणसाच्या लाकडाचं आहे.' उताऱ्यात नुसतं 'वुडन'. कुठलं लाकूड याबद्दल होही नाही, नाहीही नाही : नॉट गिव्हन. खाजन शेतीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या शेतीच्या गावातला उमेदवार इथेच घसरतो, कारण मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या दाराबद्दल घरचं ज्ञान त्याच्या डोक्यात तयार असतं. विषय जितका ओळखीचा, तितकी ही घसरण सोपी. तुमच्या बाबतीत औषधोपचारावरचा उतारा आला तर जास्त सांभाळा. खोडणारी ओळ बोटाने दाखवता येते का, एवढंच स्वतःला विचारा. या प्रकारात उत्तरं साधारण उताऱ्याच्याच क्रमाने येतात, त्यामुळे पाचव्या आणि सातव्या विधानाच्या ओळी सापडल्या की सहावं त्यांच्या मधेच शोधायचं. तिथे नसेल तर सगळा उतारा पुन्हा उपसू नका, 'नॉट गिव्हन' लिहून पुढे जा.

60 मिनिटं, 3 उतारे, 40 प्रश्न. तिसरा उतारा सहसा जड असतो, म्हणून सारखी वाटणी करण्यापेक्षा 17, 20, 23 मिनिटं धरा. कागदावर परीक्षा असेल तर उत्तरं उत्तरपत्रिकेवर याच तासात उतरवायची. ऐकण्याच्या भागात मिळतात तशी जादा 10 मिनिटं इथे नाहीत. 'नो मोअर दॅन टू वर्ड्स' असेल तिथे तिसरा शब्द पडला की उत्तर बरोबर असूनही गुण शून्य. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही जागा कोरी ठेवू नका.

प्रश्न : उताऱ्यात अनोळखी शब्द आला की हात थांबतो. शब्दकोश पाठ करू का?
– बारावीचा विद्यार्थी, पेडणे

उत्तर : नको. बहुतेक वेळा त्या शब्दाशिवायही उत्तर निघतं. अडलंच तर शेजारी 'बट', 'अनलाइक', 'सच ॲज' आहे का ते पाहा : पहिले दोन विरुद्ध अर्थाकडे नेतात, तिसऱ्यापुढे उदाहरणंच असतात. समानार्थी शब्द शोधायला सांगितला असेल तर रूप जुळवा. 'ब्रोक'ला 'कोलॅप्स' नव्हे, 'कोलॅप्स्ड'.