कोणाचा कागद खरा?

पत्र : ताई, माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. सिकलसेल, एसएस पॅटर्न. यंदा दोनदा भरती करावं लागलं. मी त्याला फार जपते. ग्राउंड बंद, पावसात जाणं बंद, तान्ह्या पोळ्यालाही लाकडी बैल घेऊन बाहेर सोडलं नाही. परवा तपासणीच्या वेळी आम्हा दोघांकडून प्रश्नांचा एकेक कागद वेगवेगळा भरून घेतला. 'धावायला त्रास होतो' याला मी 'जवळजवळ नेहमी' लिहिलं, त्याने 'कधीकधी'. 'इतर मुलं खेळायला घेत नाहीत' याला मी 'कधीच नाही', त्याने 'जवळजवळ नेहमी'. तो दुखणं लपवतो का? खरं कोणाचं धरायचं? त्यात डिसेंबरमध्ये शाळेची रामटेकची सहल आहे, तो हटून बसलाय. आणि सासूबाई म्हणतात, हा आजार माझ्या माहेरचा. – एक आई, नागपूर

उत्तर : सासूबाईंचं आधी उरकून टाकू. एसएस, म्हणजे रक्ताचा हा आजार प्रत्यक्ष होण्यासाठी आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन दोषी जनुक लागतात. म्हणजे त्यांच्या लेकाचाही त्यात निम्मा वाटा आहे. भांडू नका, दोघांचे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावा आणि ती फाइल दिसेल अशी ठेवा.

आता कागद. वर्णनावरून ही 'पेड्सक्यूएल' असावी, मुलाचं रोजचं जगणं कसं चाललंय हे मोजणारी प्रश्नावली. जेम्स वार्नी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तयार केलेली, २३ प्रश्नांची. मागच्या महिन्याबद्दल विचारतात. त्यातले ८ प्रश्न शरीराचे, आणि मनाचे, मित्रांचे, शाळेचे प्रत्येकी ५. म्हणजे २३ पैकी १५ प्रश्न शरीराबाहेरचे आहेत, हे जरा मोजून बघा. पाच वर्षांपासून पुढच्या मुलाचा कागद वेगळा भरून घेतात, कारण आईबापाचं आणि मुलाचं उत्तर बरेचदा जुळत नाही. त्यामुळे तुमचा मुलगा काही जगावेगळा नाही, आणि डॉक्टरही एकाचा कागद फेकून देणार नाहीत.

मला विचाराल तर दोन्ही कागद खरे आहेत. तुमच्या डोळ्यांसमोर भरतीच्या रात्री आहेत, त्याच्यासमोर उरलेला महिना. तो लपवत असेलही थोडं. दुखतं म्हटलं की ग्राउंड जातं, हे त्याला कळलंय ना! पण मित्रांच्या ओळीत लपवण्यासारखं काय होतं? तिथे त्याने सरळ सांगितलं, आणि तुम्ही 'कधीच नाही' लिहिलंत, कारण ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं.

मला लहानपणी दमा होता. एका तान्ह्या पोळ्याला आजीने मला खिडकीशी बसवलं. गल्लीतली पोट्टी लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा, म्हणजे पैसे-खाऊ, मागत होती. त्या दिवशी खोकला आला की नाही आठवत नाही. गजाला लागलेला हिरवा रंग मात्र आठवतो.

तेव्हा सरसकट बंदी उठवा, आणि डॉक्टरांना नेमकं विचारा: काय चालेल, किती वेळ चालेल. साधारणपणे या मुलांना खेळता येतं; दमेपर्यंत ताणायचं नाही, मधे बसायचं, पाणी प्यायचं. मेअखेरच्या नवतप्यात दुपारी बाहेर नको, हिवाळ्यात गार वारा आणि गार पाणी नको, कारण अंगातलं पाणी कमी झालं किंवा थंडी बाजली की दुखणं उठतं. दुखणं कमी उठावं म्हणून रोजचं हायड्रॉक्सियुरिया हे औषध लिहून दिलं असेल तर बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद करू नका.

पाण्याचं एक कोणी सांगत नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही, म्हणून या मुलांना ती वारंवार लागते. वर्गात सारखी परवानगी मागायची लाज वाटते, मग पोरं पाणीच पीत नाहीत. दुपारी त्याची बाटली हातात घेऊन बघा. भरलेलीच परत येत असेल तर वर्गशिक्षिकेला डॉक्टरांची चिठ्ठी द्या: बाटली बाकावर राहील, आणि न विचारता उठून जाता येईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, म्हणून हे मागताना संकोच करू नका. प्रमाणपत्रासाठी सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

सहलीला, डॉक्टर हो म्हणाले तर, जाऊ द्या. स्वेटर, कानटोपी, कोमट पाण्याच्या दोन बाटल्या, गोळ्या. गडाच्या पायऱ्या किती चढायच्या ते त्याला ठरवू द्या. मधेच बसला तर कुणी हसणार नाही, एवढं सरांशी आधी बोलून ठेवा. सरांच्या फोनमध्ये तुमचा नंबर आणि हे चार शब्द: १०१ च्या वर ताप, छातीत दुखणं किंवा धाप, पोट फुगून दुखणं, हातपाय लुळे पडणं. यातलं काहीही झालं तर वाट न बघता दवाखाना. हीच यादी घरी फ्रिजवरही लावा. भीती वाटेल तेव्हा आधी ती वाचा, मग त्याला हाक मारा.

आज रात्री त्याच्याजवळ बसा. 'दुखतंय का रे' सोडून दुसरं काहीतरी विचारा. खेळायला कोण घेत नाही, नाव काय त्याचं, आधी घेत होता का. उत्तर आलं की लगेच त्या मुलाच्या आईला फोन लावू नका.