एपिक्युरस या प्राचीन ग्रीक विचारवंताचं तत्त्वज्ञान म्हणजे नुसतं खा, प्या, मजा करा असंच आहे का?

नाही हो, उलट त्याचं स्वतःचं खाणंपिणं अगदीच साधं होतं. मेनोइकियस नावाच्या शिष्याला लिहिलेल्या पत्रात तो सरळ सांगतो की सुख म्हणजे दारूच्या पार्ट्या नि माशांनी भरलेली टेबलं नव्हेत, शरीराला दुखणं नाही आणि मनाला घोर नाही एवढं झालं की बास, भुकेल्याला भाकरी-पाण्यातही परमसुख मिळतं. एका मित्राकडे तर त्याने छोटं मडकंभर चीज मागवलं होतं, कधी चैन करावीशी वाटली तर असू दे म्हणून! (पत्र आणि किस्सा दोन्ही डायोजेनीस लाएर्टियसने लिहिलेल्या तत्त्वज्ञांच्या चरित्रग्रंथाच्या १० व्या भागात आहेत.) फक्त त्याला संन्यासी समजू नका, चांगलंचुंगलं समोर आलं तर त्याची ना नव्हती, आणि सद्गुणसुद्धा त्याला सुखासाठीच हवे होते, सद्गुण हेच अंतिम ध्येय मानणाऱ्या स्टोइक पंथाच्या तत्त्वज्ञांचं त्याच्याशी बिनसलं ते इथेच.