क्रॉस-स्टिच पूर्णच होत नाही, म्हणजे माझी वृत्तीच धरसोडीची का?

'मॅडम, मी कुठलीच गोष्ट तडीस नेत नाही' असं म्हणणारे माझ्याकडे समुपदेशनाला बरेच जण येतात, पण या ताईंनी पुरावा म्हणून चक्क पिशवीच आणली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पन्नाशीच्या, घर सांभाळून क्लासेस घेणाऱ्या. पिशवीत गुंडाळलेलं क्रॉस-स्टिचचं (घरं मोजून फुलीच्या टाक्यांनी भरायचं भरतकाम) मोठं कापड, त्यावर अर्धा मोर, अर्धी बाग, रिंग तशीच अडकवलेली आणि दोऱ्यांचा हा एवढा गुंता. मुलीच्या वास्तुशांतीला द्यायचं ठरवलेलं, ती तारीख जवळ आलेली, आणि घरात रोज एकच वाक्य, 'अजून तेच चाललंय का तुझं?'

आधी मी झोप, भूक, बाकीची कामं, मैत्रिणींकडे जाणं वगैरे विचारून घेतलं, कारण सगळ्यातलाच रस गेला असेल तर विषय वेगळा असतो आणि मग डॉक्टरांना दाखवावं लागतं. तसं काही नव्हतं, क्लास वेळेवर, पापड-कुरडया वेळेवर, अडलेला फक्त मोर.

मग म्हटलं चला हिशोब करू. पॅटर्न 200 बाय 300 घरांचा, म्हणजे 60,000 टाके. 14 काउंटच्या आयडा कापडावर (चौकोनी घरांचं भरतकामाचं कापड, 14 काउंट म्हणजे इंचाला 14 घरं) साधारण 14 बाय 21 इंच. तुमचे तासाला किती होतात हो? 'शंभरेक होतात, रंग सारखे बदलायचे असले की कमी.' म्हणजे 600 तास. रोज न चुकता तासभर बसलं तरी वीस महिने! ताई गप्पच झाल्या, मग हसायला लागल्या. हा आकडा त्यांना कुणी सांगितलाच नव्हता, त्या मनात दोनतीन महिन्यांचं काम धरून बसलेल्या आणि उरलेलं सगळं स्वतःच्या आळसाच्या खात्यात टाकत होत्या.

माझं मत विचाराल तर अशा वेळी स्वभावाच्या मागे लागूच नये, बसायला काय काय आड येतं ते बघावं. ताईंचं असं, की बसायचं म्हटलं की चाळीस लड्या पसरा, चार्टवर जागा शोधा, टाके मोजा, एक घर चुकलं की पुढचं सगळं उसवा, आणि हे सगळं रात्री साडेदहाला ट्यूबलाइटखाली. चष्म्याचा नंबर तपासून किती दिवस झाले? आठवेना. 'मूड नाही' म्हणतो त्यातला निम्मा मूड डोळ्यांचा आणि मानेचा असतो, खरंच.

तर आम्ही ठरवलं ते एवढंच. कापडावर दर दहा घरांनी साध्या दोऱ्याचा धावदोरा घालायचा, म्हणजे 100 टाक्यांचा चौकोन दिसतो आणि चूक झाली तर त्या चौकोनातच सापडते. चार्टवर झालेला भाग हायलायटरने रंगवायचा. चारपाच सुयांमध्ये दोरे आधीच ओवून ठेवायचे (14 काउंटला दोऱ्याच्या सहा पदरांपैकी दोनच), आणि वेळ दुपारच्या चहानंतरची, खिडकीपाशी, अर्धा तास, अलार्म लावून. अलार्म वाजला की उठायचं, अगदी रंगात आलं असलं तरी, कारण मान धरली की पुढचे चार दिवस सुई हातात घेववत नाही. थकलेल्या दिवशी आकाश भरायचं, एकच रंग, डोकं नको. डोकं ताजं असेल तेव्हा मोराची मान, तिथे एकेक टाक्याला रंग बदलतो. टार्गेट 'मोर संपवणे' नाही, 'आज बसले' एवढंच.

वास्तुशांतीचं काय? त्या तारखेला होणं शक्यच नव्हतं, तसं मुलीला सरळ सांगून टाका म्हटलं. ताईंना हेच सगळ्यात जड गेलं, दोन सेशन त्यातच गेली. मुलगी म्हणाली, 'आई, मला माहितीच नव्हतं तू माझ्यासाठी करतेयस!' झालं, पितळेची समई दिली आणि प्रश्न मिटला.

आता चौकोन होतात, कधी आठवड्यात तीन, कधी लग्नसराईत शून्य. शून्याच्या आठवड्यानंतर रडारड नाही, तेवढं मला पुरे. मागच्या वेळी त्यांनी जरा चाचरत विचारलं, 'मॅडम, एक छोटं किट आवडलंय, घेऊ का, की हे संपेपर्यंत नको?' घ्या की! मोर प्रवासात नेता येत नाही, छोटं पर्समध्ये मावतं, फक्त दोन्हीचे दोरे वेगळ्या डब्यात ठेवा.