बूट लोडरमध्ये करिअर : मशीन कुठे अडकलं ते ओळखता आलं पाहिजे

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एकाच लॅपटॉपवर दोन-तीन लिनक्स टाकणं, ग्रब या बूट लोडरचा (यंत्र सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम चढवणारा प्रोग्राम) मेनू हवा तसा करून घेणं यात मला मजा येते. वर्गातले बहुतेक जण वेब किंवा डेटा सायन्सकडे निघालेत. बूट लोडरवर काम करून नोकरी मिळते का? आत्तापासून काय शिकू? सरावाचा बोर्ड (एका सर्किटवरचा छोटा संगणक) विकत घ्यावाच लागेल का?

उत्तर : नोकरी मिळते. पण जाहिरातींमध्ये ‘बूट लोडर इंजिनिअर’ शोधत बसलीस तर फारसं काही हाती लागणार नाही. हे काम फर्मवेअर (यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर), एम्बेडेड लिनक्स (उपकरणांच्या आत चालणारं लिनक्स), बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज, एखाद्या बोर्डापुरतं लागणारं सॉफ्टवेअर) किंवा प्लॅटफॉर्म सिक्युरिटी या नावांखाली असतं. राउटर, गाडीतली स्क्रीन, वैद्यकीय उपकरणं, सर्व्हर अशा सगळ्यांत कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरू होण्याआधीचा भाग कुणीतरी बसवलेला असतो. वेबच्या मानाने जागा कमी आहेत आणि नवख्या मुलांना थेट हेच काम क्वचित मिळतं. बरेच जण ड्रायव्हर किंवा टेस्टिंगमधून इकडे सरकतात, तेव्हा पहिली नोकरी नेमकी हीच हवी असा हट्ट धरू नकोस.

ग्रबची थीम बदलता येते, याने मुलाखतीत काही फरक पडणार नाही. स्क्रीन काळी आहे आणि यंत्र नेमकं कुठल्या टप्प्यावर थांबलंय हे तुला सांगता येतं का, एवढंच तिथे पाहिलं जातं. अभ्यास त्याच हिशेबाने आख.

पहिला महिना व्हर्च्युअल मशीनमध्येच घालव. बायोस (जुन्या पद्धतीचं फर्मवेअर) मोडमध्ये लिनक्स टाक आणि बूट डिरेक्टरीतल्या ग्रबच्या फोल्डरचं नाव मुद्दाम बदल. रीबूट केलंस की ‘ग्रब रेस्क्यू’चा प्रॉम्प्ट येईल, कारण ग्रबच्या कोअर इमेजमध्ये (आधी चढणारा छोटा भाग) त्या फोल्डरचा पत्ता आधीच कोरलेला असतो आणि तिथे आता मेनू दाखवणारं नॉर्मल मॉड्यूल सापडत नाही. ‘एलएस’ने पार्टिशनं बघ, ‘सेट’ने रूट आणि प्रीफिक्स बरोबर दे, मग ‘इन्समॉड नॉर्मल’ आणि ‘नॉर्मल’. हे न बघता जमेपर्यंत पुन्हा पुन्हा मोडत राहा. यूईएफआय (नव्या पद्धतीचं फर्मवेअर) मोडमध्ये दुखणी वेगळी असतात : फर्मवेअरच्या मेमरीतली बूट एंट्री पुसली गेली, की फॅट पार्टिशनमधल्या ‘ईएफआय/बूट’ फोल्डरातली ठरलेल्या नावाची फाइलच काय ती कामाला येते. आणि ग्रब डॉट सीएफजी ही ग्रबच्या मेनूची फाइल हाताने बदलायची सवय असेल तर सोड. पुढच्या कर्नल अपडेटला ती फाइल नव्याने तयार होते, तुझे बदल जातात. २.०६ आवृत्तीपासून ग्रब दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिम आपणहून शोधत नाही, तेही सेटिंगमधून सुरू करावं लागतं.

यानंतर एक छोटा बूट सेक्टर (डिस्कचा पहिला सेक्टर, बायोस आधी हाच चालवतं) असेम्ब्लीत लिही. पूर्ण सेक्टर ५१२ बाइटचा, त्यातले ४४६ कोडला, ६४ पार्टिशन टेबलला आणि शेवटचे दोन ५५ व एए या सहीचे. सही चुकली तर बायोस सहसा त्या डिस्ककडे बघतही नाही. सेगमेंट रजिस्टर स्वतः शून्य न करणं ही नेहमीची चूक : एका इम्युलेटरवर चालतं, दुसऱ्यावर कचरा छापतं. डीएल रजिस्टरमध्ये बायोस ड्राइव्हचा क्रमांक देतं, तोही आधी जपून ठेव.

आता यू-बूट, म्हणजे एम्बेडेड उपकरणांतला बूट लोडर. एम्बेडेडच्या नोकऱ्यांत सर्वाधिक गाठ याच्याशीच पडते, म्हणून जास्त वेळ इथे दे. क्यूएमू या इम्युलेटरसाठीचं तयार डेफकॉन्फिग (बिल्डची सेटिंग) सोर्समध्येच आहे, क्रॉस कंपायलरने (दुसऱ्या प्रोसेसरसाठी कोड बनवणारा) बिल्ड करून लॅपटॉपवरच प्रॉम्प्टपर्यंत पोचता येतं. मग बोर्ड कशाला? क्यूएमूत डीरॅम (मुख्य मेमरी) आयती तयार मिळते. खऱ्या चिपमध्ये सुरुवातीला फक्त चिपमधलीच छोटी एसरॅम मेमरी असते आणि अख्खं यू-बूट तिच्यात मावत नाही. म्हणून आधी एसपीएल हा छोटा टप्पा चढतो, डीरॅम जागी करतो आणि मगच मुख्य यू-बूट आणतो. हे बोर्डाशिवाय कळत नाही. वर्षभरात एक बोर्ड हाताशी असू दे, कॉलेजच्या लॅबमधला चालेल. सोबत ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल हवी, ५ व्होल्टची लावलीस तर पिन जळू शकते. टीएक्स (पाठवणारी पिन) आरएक्सला (घेणारी), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड ग्राउंडला. पॉवरची वायर मोकळी ठेव. वेग बहुतेक बोर्डांवर १,१५,२०० बॉड.

सिरियलवर ‘स्टार्टिंग कर्नल’ ही ओळ येते आणि पुढे शांतता, हा प्रसंग तुझ्यावर नक्की येईल. तेव्हा यू-बूट पुन्हा बिल्ड करत सुटू नकोस, त्याने आपलं काम केलेलं असतं. आधी बूटआर्ग्जमधला (कर्नलला दिलेल्या सूचना) कन्सोल तपास. बीगलबोन बोर्डाच्या जुन्या कर्नलवर सिरियलचं नाव ‘टीटीवायओ०’ असायचं, नंतर ‘टीटीवायएस०’ झालं. एवढ्या फरकाने कर्नल नीट चालू असूनही स्क्रीन कोरी राहते. मग डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) याच बोर्डाची आहे का ते बघ. तरीही काही दिसत नसेल तर पत्ते तपास : डिव्हाइस ट्री कर्नलच्या फार जवळ लोड केलेली असेल, तर कर्नल पसरताना तिच्यावरच लिहितो. ‘अर्लीकॉन’ हा कर्नलचा पर्याय सुरू केलंस तर कर्नलचे पहिले शब्द लवकर दिसतात आणि यातलं बरंचसं पटकन सुटतं.

सुरक्षेची बाजू शेवटच्या वर्षात घे. २०२० मध्ये उघड झालेल्या ‘बूटहोल’ या ग्रबमधल्या त्रुटीचा अभ्यास कर : ग्रब डॉट सीएफजी वाचतानाची एक बफर ओव्हरफ्लो (ठरलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जाणं) आणि त्यातून सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी तपासणी) ओलांडता येत होतं, कारण त्या फाइलवर सही नसते.

ऐच्छिक विषयांत ऑपरेटिंग सिस्टिम आणि कॉम्प्युटर आर्किटेक्चर निवड. सी, गिट आणि लिंकर स्क्रिप्ट पक्कं कर. वेबही थोडं येऊ दे, त्याने अडत नाही.

अंतिम प्रकल्पासाठी एक सुचवणी : दोन रूट पार्टिशनं, एकावर चालू सिस्टिम, दुसऱ्यावर अपडेट. यू-बूटचा बूटकाउंट प्रत्येक बूटला वाढतो आणि बूटलिमिट ओलांडली की नेहमीच्या बूटकमांडऐवजी ‘ऑल्टबूटकमांड’ चालते, तीत जुन्या पार्टिशनवर परतायचं. लिनक्स नीट सुरू झाल्यावर बूटकाउंट शून्य करायला विसरलीस तर धडधाकट यंत्रही काही रीबूटनंतर मागे जाईल. पहिल्यांदा बहुधा हेच होईल. यू-बूटच्या एन्व्हायर्नमेंटच्या (त्याच्या साठवलेल्या सेटिंग) दोन प्रती ठेव, म्हणजे लिहिताना वीज गेली तरी एक शाबूत राहते. परीक्षकांसमोर अपडेट अर्ध्यावर असताना प्लग काढ, पुन्हा लाव आणि सिरियलचा लॉग त्यांना वाचू दे. तोच लॉग रेझ्युमेसोबत जोड.