हेल्प टू बाय फेडताय? वकिलाचा आकडा आधी घ्या

इंग्लंडातलं हेल्प टू बायचं कर्ज, म्हणजे घर घ्यायला सरकारने दिलेलं कर्ज, घेतलेल्या रकमेवर नाही, घराच्या आजच्या किमतीवर फिटतं. ३ लाख पौंडांच्या घरासाठी २० टक्के, म्हणजे ६०,००० घेतले आणि घर साडेतीन लाखांचं झालं, तर ७०,००० मोजावे लागतात. रिमॉर्गेज करताना, म्हणजे जुनं गृहकर्ज बदलून नवं घेताना, ‘वकील फुकट’ असं सांगतात, पण त्यात हे कर्ज फेडायचं काम बहुधा धरलेलं नसतं. माझ्या कोटेशनमध्ये ते शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात वेगळं लावलं होतं. म्हणून व्हॅटसकट आकडा लेखी मागा. लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदवहीत, घरावर असलेला या कर्जाचा दुसरा बोजा उतरवणं त्यात आहे ना, तेही विचारा. रिक्स या सर्व्हेयरांच्या संस्थेच्या सर्व्हेयरने केलेलं घराच्या किमतीचं मूल्यांकन तीनच महिने चालतं, तेव्हा आधी वकील ठरवा, सर्व्हेयरला मग बोलवा.